सतरा नंबरची हंडी

११ मार्च १९६२, अकोला

ही वही म्हणजे माझं बॉटनीचं जर्नल. एक पान कोरं, एक रेघांचं. कोऱ्यावर आकृती काढायची, रेघांवर माहिती लिहायची. अकरा आकृत्या झाल्या होत्या. बारावी होती डोळा भरलेल्या, म्हणजे खुंटाच्या सालीत दुसऱ्या झाडाची कळी बसवलेल्या, संत्र्याच्या कलमाची. सरांनी तिला दहापैकी शून्य दिलं. म्हणे सालीतला छेद असा नसतो. माझा बाप चाळीस वर्षं अस्साच छेद देतो आणि चांदूर बाजारकडच्या अर्ध्या बागा त्याच्या कलमांच्या आहेत! मी पान टरकावलं, सरांच्या टेबलावर टाकलं आणि अमरावतीचं कॉलेज सोडून घरी आलो. दीड वर्ष झालं त्याला. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं की मायला म्हणतात, "त्याले सांग." मी समोर उभा असलो तरी.

उरलेली पानं वाया जाऊ नयेत म्हणून आजपासून रोजनिशी. कारणही तसंच आहे. नोकरी लागली.

अकोल्याच्या हंड्यांच्या बंगल्यात. खरं नाव अवयव संवर्धन केंद्र, पण टांगेवाल्याला ते सांगितलं तर तो नुसताच तोंडाकडे बघतो. इथे काचेच्या हंड्यांत माणसाचे गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडं, वाढवतात. रोग्याच्या गुर्द्यातला मसुराएवढा जिवंत तुकडा काढायचा, मऊ खुंटावर बसवायचा, हंडीत ठेवायचा आणि पेज पाजत राहायची. पेज म्हणजे गुलाबी औषधी पाणी. अडीच-तीन महिन्यांत मुठीएवढा गुर्दा होतो, तो रोग्याच्या पोटात बसवतात. त्याच्याच मांसाचा असल्यामुळे शरीर त्याला परका मानत नाही. तुकडा खुंटावर बसवणं म्हणजे हुबेहूब आमचं डोळा भरणं. मोठमोठ्या सर्जनांना ते जमलं नाही, दहातले सात तुकडे मरायचे. वऱ्हाडातल्या कलमवाल्यांचे दोन मरतात. म्हणून मुख्य डॉक्टर सत्यभामाबाई आमच्यासारख्यांना घेतात.

मायच म्हणाली होती, "अकोल्याले कलमवाले पायजेत म्हन्ते, जाऊन त पाह्य." तिला कुठून कळलं देव जाणे. बाईंनी माझे कागद पाहिलेच नाहीत. म्हणाल्या, "हात दाखवा." मग दहा खुंट पुढे ठेवले. मी दहाही डोळे भरले. बाई म्हणाल्या, "हं. ऐकलं होतं तसंच आहे."

खरं कारण लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार आहे? इथल्या वॉर्डात शालू नर्स आहे. इंटरला ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. दोन वर्षं मी तिची वेणी पाहून केमिस्ट्री शिकलो. आज मला फाटकात पाहून ती म्हणाली, "या भगोडे. इथून कधी पयणार?"

बोलली तरी.

१४ मार्च

सतरा नंबरची हंडी माझी. सकाळी तुकडा आला, बशीत, झाकलेला. कोणाचा ते विचारायचं नाही. बाईंचा तो पहिला नियम. म्हणाल्या, "जीव गुंतला की हात थरथरतो. मला थरथरणारे हात नकोत." एका माणसाला एकच हंडी, पेज त्यानेच द्यायची, आणि शेवटी ऑपरेशनच्या दारापर्यंत त्यानेच उचलून न्यायची.

वस्तरा उकळून घेतला. छेद दिला, बाबांचाच. तुकडा सरकवला. बाईंनी भिंगातून पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. ओमप्रकाश चौकीदार सांगतो की बाई काही बोलल्या नाहीत म्हणजे ते उत्तम.

२२ मार्च

डोळा लागला! कडेने मोहरीएवढे फुगवटे आलेत. शालूला बोलावून दाखवलं. तिने नाक काचेला लावलं, काचेवर वाफ आली. वाफ जाईपर्यंत मी ती जागा पुसली नाही.

१ एप्रिल, रविवार

माय आणि बाबा आले होते. कचेरीत काम होतं म्हणे. रविवारी कोणती कचेरी उघडी असते?

फाटकाजवळच्या बाकावर आम्ही तिघं बसलो, मध्ये माय.

बाबा मायला म्हणाले, "त्याले विचार, हात कसा चालते."

माय माझ्याकडे वळली. "हात कसा चालते रे?"

"सांग त्यायले, बरा चालते."

"बरा चालते म्हन्ते."

"त्याले सांग, वस्तरा उकयून घेत जाय."

"त्यायले सांग, मले मालूम हाये!"

माय म्हणाली, "मी काय पोस्टाची पेटी हाओ काय रे? माही मान दुखून राहिली दोन्हीकडं पाहू पाहू."

माझा आवाज चढला होता हे खरं. बाबा उठून सावलीत जाऊन उभे राहिले. त्यांच्या चपलेचा अंगठा कापलेला दिसला, पट्टाही सैल करून दोरीने बांधलेला. नवी चप्पल घ्यायला काय होतं? मायने पिठलं-भाकर आणली होती. बाबांनी वेगळ्या डब्यातलं काहीतरी अळणी खाल्लं, पाणी फक्त दोन घोट. म्हातारपणी माणसाचे नखरे वाढतात.

जाताना त्यांनी हंडीच्या खोलीच्या खिडकीतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं काही म्हणतील. ते फाटकाकडे चालू लागले.

८ एप्रिल

आज एक गोष्ट कळली.

शालू दुपारी आली, सतरा नंबरसमोर उभी राहिली. डोळे भरलेले. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काई नाई. एका बापाचा जीव हाये याच्यात. नीट पाह्यजा." आणि पदराने डोळे पुसत गेली.

बाप! मी इतका मठ्ठ कसा? तिचे वडील देवमन मास्तर, नगरपालिकेच्या शाळेत आहेत. दर बुधवारी वॉर्डाकडे येतात. काटकुळे, खोकतात, जिना चढताना थांबतात. हा त्यांचाच गुर्दा! आणि नियमापायी बिचारी मला सांगू शकत नाही.

सतरा नंबर, ऐक. तुला मी आता तळहाताच्या फोडासारखा जपतो.

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. शाळेच्या मैदानात मंडप होता. मी मागे उभा होतो, मास्तरांनी हाक मारून पुढे बसवलं. भाषण झाल्यावर चहा-चिवडा. शालू समोर कपबशा मांडत होती, बहुतेक कान इकडेच.

मास्तरांनी विचारलं, "शिक्षण कुठवर?"

"बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. अर्धवट."

"काहून सोडलं?"

"सरांनी आकृतीला शून्य दिलं."

"कितीपैकी?"

"दहा."

"न् बाकीचे मार्क?"

"ते... होते."

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "मी वर्गाच्या बाहेर, दाराशी बसून शिकलो, बाबू. माही पाटी तपासाले मास्तर हात लावत नव्हते. शून्य द्याले तरी कोणी पाटी हातात घ्यावी, असं वाटे मले. तुमी दहा मार्कांसाठी सारं कॉलेज टाकून आले?"

कान तापले. एरवी मी उठून चालता झालो असतो. पण आजारी माणसाशी काय भांडायचं? उलट त्यांच्यापुढची चिवड्याची बशी मी हळूच उचलून माझ्याकडे घेतली. गुर्द्याच्या रोग्याला मीठ वाईट.

मास्तर माझ्याकडे पाहत राहिले. मग शालूकडे पाहिलं. "उपाशी हाये वाटते बिचारा. आणखी दे त्याले."

२ मे

हे कुठेही लिहायला नको, पण लिहितो. गेले दहा दिवस मी सतरा नंबरला पेज दुप्पट देतोय. बाई राउंडला गेल्या की. सगळ्या हंड्यांत माझा गुर्दा मोठा दिसतो, लालबुंद, तुकतुकीत. अठरा नंबरवाला हेव्याने पाहतो. मास्तरांना लवकर बरं वाटलं तर काय वाईट आहे?

माय एकटीच येऊन गेली. बाबा कुठे विचारलं, तर म्हणाली, अंजनगावला शकुनताईकडे गेलेत, महिनाभर राहतील. भर उन्हाळ्यात, नर्सरी सोडून, लेकीच्या घरी! मी इथे असल्यामुळे अकोल्याच्या दिशेलाच येणं टाकलं असणार. जाऊ देत. मायने मात्र तीन वेळा माझ्या तोंडावरून हात फिरवला.

९ मे

पारा पंचेचाळीस. हंडीला माणसाच्या अंगाइतकीच ऊब हवी, जास्त झाली की गेलं. अकोल्यात खोली गरम करायची नसते, थंड ठेवायची असते. खिडक्यांना वाळ्याचे ताटवे, म्हणजे गवताचे पडदे, लावलेत. रोज दुपारी कोणीतरी बाहेरून त्यांवर पाणी मारतं. काय मारतं! वरून खाली, बारीक धार, एक काडी कोरडी राहत नाही, जमिनीवर थेंब सांडत नाही. रोपांच्या वाफ्यावर मारतात तसं. मी ओमप्रकाशला शाबासकी दिली, तर म्हणतो, "बाबूजी, दोपहर को मैं सोता हूँ."

मग कोण?

१२ मे

शालू आज माझ्या खोलीच्या पायरीवर दहा मिनिटं बसली. दहा मिनिटं! वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याचं सांगत होती. संत्र्याचा बागवान आहे, फार आजारी. त्याला दिवसाला एकच ग्लास पाणी, तेही मोजून.

"पहिल्या दिवशी माह्या हातचं पाणी घेतलं नाई त्यायनं. नाव विचारलं, गाव विचारलं, न् भिंतीकडं तोंड केलं."

माझं डोकं फिरलं. "कोण हाये तो? दाखव मले! या काळात असं वागते? चांगला समाचार घेतो त्याचा!"

ती एकदम हसायला लागली. का ते कळलं नाही. म्हणाली, "बसा खाली. मीई काई गिलास ठेवून गेली नाई. हातात धरून उभी राहिली. पाऊण घंटा. मंग ते म्हणाले, 'पोरी, हात दुखल तुहा.' न् पेले. आता दुसऱ्या कोणी देल्लं त घेत नाई."

"मोठे उपकार करते!"

"चांगले हायेत ते. तापट हायेत, लवकर उमगत नाई त्यायले. पण हायेत चांगले." आणि माझ्याकडे बघत बसली.

१७ मे

थेंब नाही.

गुर्दा तयार व्हायला लागला की हंडीच्या नळीतून पहिला थेंब पडतो. सतरा नंबरचा कालपर्यंत पडायला हवा होता. एवढा गरगरीत गुर्दा, आणि नळी कोरडी ठणठणीत. बाईंनी भिंग लावलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"पेज किती देता?"

मी खरं सांगितलं. बाईंचा आवाज चढत नाही, उतरतो. "अहो, मांस वाढवलंत तुम्ही. काम शिकवलं नाहीत. नवी हंडी लावायला तीन महिने लागतील. त्या माणसाजवळ तीन आठवडे आहेत."

मी काहीतरी बोललो. जोरात बोललो. तुमच्या नियमांमुळेच झालं असंही म्हणालो. एप्रन काढून टेबलावर टाकला आणि फाटकाकडे निघालो.

फाटकात शालू उभी होती. तिला कळलेलं होतं. रागावली नाही, हेच वाईट झालं. एवढंच म्हणाली, "हेबी पान फाडलं?"

मी परत गेलो. एप्रन घातला. बाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "साडेचारची पेज राहिलीये."

१८ मे

सकाळी शालू धावत आली. "त्या म्हाताऱ्याले मी सारं सांगतलं. ते म्हन्ते, त्याले सांग, ताण दे म्हणा."

ताण! माझ्या डोक्यात उजेड पडला. संत्र्याचं झाड नुसतं पाण्यावर ठेवलं तर पाला सुटतो, बहार येत नाही. बहार हवा असला की पाणी तोडायचं. झाड कोमेजतं, पानं गाळतं, माणसाच्या जिवाचं पाणी होतं, पण हात आवरायचा. मग पाणी दिलं की झाड फुलून येतं. मृगाच्या बहाराचा ताण तर आत्ताच, मे महिन्यातच चालू असतो. माळ्याचा पोरगा असून मी हे विसरलो?

बाईंकडे गेलो. ताणाचं सांगितलं. "कोणी सुचवलं?"

"वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याने."

बाई चष्मा पुसायला लागल्या. "त्यांनी स्वतः सुचवलं? ठीक आहे. मग करा." तो चष्मा फार वेळ पुसला त्यांनी.

पेज बंद. नुसतं खारं पाणी, तेही दिवसातून एकदा.

२१ मे

गुर्दा सुकतोय. तुकतुकी गेली. सारखा हात पेजेच्या बाटलीकडे जातो. म्हातारा शालूजवळ रोज निरोप पाठवतो. "त्याले सांग, रंग उतरला काय ते पाह्य." "त्याले सांग, घाई केली त सारंच जाईन." अगदी आमच्या बाबांसारखं बोलतो. बागवान सगळे एकाच साच्यातले. मी पण उलट निरोप पाठवतो. "त्यायले सांग, रंग विटकरी हाये." "त्यायले सांग, मले भेव वाटून राहिलं."

हे शेवटचं बाबांना मी कधी म्हणालो नसतो. परक्या माणसाला सांगायला सोपं जातं.

उत्तर आलं: "त्याले सांग, भेव वाटते म्हणूनच त्याच्या हातात देल्लं. ज्याले भेव वाटत नाई तो झाडं मारते."

२३ मे

म्हाताऱ्याला मी विचारलं, तुमच्या तब्येतीचं काय? शालूने उत्तर आणलं: "म्हन्ते, मी न् हंडी, दोघंई ताणावर हाओ."

आणि आणखी एक म्हणाला म्हणे, "घरी एका झाडाले दीड वर्स झाले ताण देऊन ठेवला. तोडाचं जमलंच नाई."

मी म्हणालो, "दीड वर्षं? बागवान म्हणवतो न् एवढं कळत नाही? मेलं असणार ते झाड."

शालू कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत होती. मग निरोप घेऊन गेली. संध्याकाळी उत्तर:

"नाई मेलं. खिडकीतून पाहून आलो. चांगलं हाये."

खिडकीतून बाग दिसते? म्हातारा भ्रमात बोलायला लागला वाटतं.

२५ मे

वाळ्याचे ताटवे तीन दिवस कोरडे. कोणीच पाणी मारत नाही. शेवटी मीच बादली घेऊन गेलो. अर्धं पाणी जमिनीवर.

शालू येत नाही. वॉर्डात कोणी तरी फार जास्त आहे म्हणे. मास्तर तर नसतील? ओमप्रकाशला विचारलं, तर मास्तर सकाळीच सायकलवरून गेले म्हणतो. आजारी माणूस या उन्हात सायकल चालवतो! कुणाचं ऐकत नाहीत.

२७ मे

निरोप आला. यावेळी फक्त तीन शब्द, तेही तुटत बोलला म्हणे. "आता... तोड... ताण."

लगेच मागून शालूने त्याचं आधी सांगून ठेवलेलं पूर्ण केलं, "एकदम नाई. पहिलं पाणी चुयभर."

चूळभर पेज दिली. दुपारी तेवढीच. संध्याकाळी जरा जास्त.

२९ मे

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी थेंब पडला.

मी ओरडलो की रडलो ठाऊक नाही, पण अठरा नंबरवाल्याच्या हातातली बशी फुटली. बाई आल्या, पाहिलं, काही बोलल्या नाहीत. मग बोलल्या! "उत्तम." आणि लगेच "परवा ऑपरेशन."

१ जून

परवाचं आणि कालचं लिहिणं झालं नाही. आता लिहितो.

काल सकाळी हंडी उचलली. खोलीपासून ऑपरेशनच्या दारापर्यंत लांब व्हरांडा आहे. पावलं मोजत गेलो. मनात म्हणत होतो, मास्तर, तुमच्या लेकीसाठी, मास्तर, तुमच्या लेकीसाठी.

दाराशी मास्तर उभे. हातात जेवणाचा डबा.

"मास्तर! तुमी उभे काहून? आत झोपा ना!"

"मी?" मास्तर म्हणाले. "मले काय झालं? मी तुह्या मायसाठी भाकर आणली."

मग मला बाकावर माय दिसली. मांडीवर चपला घेऊन बसली होती. अंगठा कापलेल्या, दोरीने बांधलेल्या.

सुजल्या पायासाठी कापलेला अंगठा. अळणी डबा. दोन घोट पाणी. वरून खाली बारीक धार. त्याले सांग, त्याले सांग, त्याले सांग. दोन महिने सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, ह्या वहीत माझ्याच अक्षरात होतं.

हात थरथरायला लागले. हंडीतलं पाणी काठाला लागलं. शालूने पुढे होऊन माझ्या हातांखाली आपले हात धरले. हळू आवाजात म्हणाली, "आता नाई. मंग थरथरा किती थरथराचं ते. याच हातांसाठी हट्ट धरला होता त्यायनं. बाईंले म्हणाले, 'डोया भरन त माहा पोट्टाच भरन. शंभरातले पंच्याण्णव लागते त्याचे. नाई त राहू द्या, मी जातो घरी.'"

पंच्याण्णव. मोजत होते म्हणजे.

हंडी मी बाईंच्या हातात दिली. थेंबही न सांडता दिली.

नंतर मायजवळ बसलो. "माय, मले काहून नाई सांगतलं?"

"दीड वर्स 'त्याले सांग, त्याले सांग' म्हणून जीव खाल्ला माहा," माय म्हणाली, "न् एकच गोठ म्हणे, त्याले सांगू नको." आणि चपला छातीशी धरून रडायला लागली.

मास्तरांनी डबा उघडला. मायला म्हणाले, "खाऊन घ्या बाई. आतलं आत चालू हाये, बाहेरचं बाहेर चालू राहू द्या." माय डब्याकडे पाहत राहिली. मग भाकर मोडली, अर्धी मला दिली.

३ जून

बाबा शुद्धीवर नाहीत. नव्या गुर्द्याचं काम अजून सुरू नाही. बाई दर तासाला येतात. मी पेज कमी दिली असती, ताण आणखी दोन दिवस ठेवला असता, दुप्पट दिलीच नसती तर? हेच डोक्यात फिरतं. देवा, माझ्या चुकीचा हिशोब त्यांच्या अंगावर काढू नको.

मास्तर येऊन बसतात. चिवडा आणतात. मी त्यांची बशी का उचलली होती ते आज सांगितलं. ते इतके हसले की खोकला लागला. "हा खोकला खडूचा हाये, बाबू. बुधवारी मी तुलेच पाह्याले येत होतो."

५ जून

पहाटे काम सुरू झालं. बाटलीत थेंब, मग धार. बाई खुर्चीतच झोपल्या, तोंड उघडं ठेवून.

नऊच्या सुमाराला बाबांनी डोळे उघडले. ओठ पांढरे, फुटलेले. आधी छत पाहिलं, मग मला. मग मान मायकडे वळवली. ओठ हलले. "त्याले..."

माय ताडकन उठली. "मले आइकू येत नाई अलीकडं. तुमीच सांगा." आणि बाहेर गेली.

बाबांनी शालूकडे पाहिलं. शालू खिडकीचा ताटवा सारखा करायला लागली, पाठ करून. तो सारखाच होता.

बाबा आणि मी. बाहेर ओमप्रकाश कोणाशी तरी भांडत होता तेवढंच ऐकू येत होतं.

"सहदेव."

दीड वर्षानंतर माझं नाव. मला ते कोणा दुसऱ्याचं वाटलं.

"जी, बाबा."

"पाणी दे."

मी ग्लास भरायला लागलो, काठोकाठ. बाबांनी बोट उचललं. "चुयभर," ते म्हणाले. "ताण एकदम तोडाचा नसते."

चमच्याने दिलं. एक, दोन, तीन. तिसरा माझ्या हाताने थोडा सांडला, हनुवटीवरून ओघळला. ते मी पुसलं. बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले.

"कालेज कधी उघडते?"

"वीस तारखेले."

"हं."

६ जून

आज ह्या जर्नलच्या कोऱ्या पानावर बारावी आकृती पुन्हा काढली. खुंट, साल, छेद, डोळा, बांध. पेन्सिलला टोक करून, नावं देऊन. छेद बाबांचाच काढला.

शालूने पाहिली. वही माझ्या हातातून घेतली नाही, नुसती बोटाने रेघ तपासत होती. "हं," म्हणाली. "बाबांले दाखवते."

कोणाच्या बाबांना, ते मी विचारलं नाही.

सरांना शून्य द्यायचं असेल तर देवोत. पान फाडणार नाही.